तीन गळे, एक चाल: बनानारामाचा लाइव्ह अल्बम

बनानारामा या ब्रिटिश पॉप गायिकांच्या गटाचा लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमधला लाइव्ह अल्बम 'ऐंशीच्या दशकातल्या आठवणी' म्हणून ऐकून बाजूला ठेवू नका. सारा डॅलिन, केरन वुडवर्ड आणि शिवॉन फाही या मूळ तिघींनी २०१७ पर्यंत एकत्र दौरा केलाच नव्हता. शिवॉन १९८८ मध्ये बाहेर पडली. गटाचा जागतिक दौरा झाला १९८९ मध्ये, आणि तेव्हा तिच्या जागी जॅकी ओसलिव्हन होती. त्यांचं 'क्रूएल समर' हे गाणं आलं १९८३ मध्ये, 'व्हीनस' १९८६ मध्ये. या तीन गळ्यांचा दौरा व्हायला त्यानंतर तीस-एक वर्षं गेली.

या तिघी बहुतेक वेळा एकच चाल एकाच सुरात गातात. लोकांना ते सोपं वाटतं. माझ्या मते मंचावर याहून अवघड काही नाही. हार्मनीत प्रत्येकीचा स्वर वेगळा असतो, त्यामुळे बारीक चूक झाकली जाते. इथे झाकायला जागाच नाही. एकीचा स्वर ४४० हर्ट्झवर आणि दुसरीचा ४४२ वर असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा कमी-जास्त होतो, म्हणजे दोन हेलकावे ऐकू येतात. तानपुऱ्याची जोडी लावणाऱ्यांना हे हेलकावे चांगले ओळखीचे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर पाच-दहा भागांच्या फरकाने आवाजाला भरीवपणा येतो. तीसच्या पुढे गेलात की सरळ बेसूर.

शब्दांचंही तसंच. ओळीच्या शेवटचा 'स' तिघींनी थोडा मागेपुढे म्हटला की नुसती फिस्स ऐकू येते. म्हणून समूहगानात एकीने शेवटचं व्यंजन स्पष्ट म्हणायचं आणि बाकीच्यांनी ते गिळायचं, असा जुना उपाय आहे.

स्टुडिओत प्रत्येक आवाज दोन-तीन वेळा रेकॉर्ड करून थर चढवता येतात. तिघींचे सहा-नऊ आवाज होतात. मंचावर मात्र तीनच. त्यामुळे लाइव्ह रेकॉर्डिंग मूळ गाण्यापेक्षा पातळ वाटतं, आणि त्याला गायिकांचा दोष समजू नये. ध्रुवपदाखाली आधी रेकॉर्ड केलेला कोरस हळू लावला तर माझी हरकत नाही. कडवं मात्र उघडंच हवं.

मग माइक. तिघी जवळ उभ्या राहिल्या की एकीचा आवाज शेजारणीच्या माइकमध्येही शिरतो. वाटेत ३४ सेंटीमीटर जास्त पडले की तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र झाले की ५०० हर्ट्झपाशी खड्डा पडतो, पुढे १५०० आणि २५०० वरही, आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. माइक ओठांपासून चार-पाच सेंटीमीटरवर धरावा, आणि शेजारचा माइक निदान त्याच्या तिप्पट अंतरावर असावा.

अशा अल्बमचं सगळ्यात मोठं नुकसान मिक्सिंगच्या टेबलावर होतं. सॉफ्टवेअरने तिन्ही आवाज अगदी नेमक्या स्वरावर आणून बसवले, की ते बारीक फरक जातात आणि तिघींची एकच पत्र्यासारखी बाई होते. घसरलेलं अक्षर तेवढं सुधारावं, बाकी हात लावू नये. प्रेक्षकांच्या माइककडेही बघावं लागतं. मंचापासून तीस मीटरवरच्या माइकमध्ये आवाज सुमारे ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो ट्रॅक पुढे सरकवला नाही, तर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो.

तीस वर्षांनी गळा खाली येतो. गाणं अर्धा-एक स्वर खाली घेणं ही फसवणूक नाही. ओढून-ताणून वर गायलं की सूर तिघींचे तीन दिशांना पळतात.

ऐकताना आधी 'स्टे' लावा. हे शिवॉनच्या नंतरच्या गटाचं, शेक्सपिअर्स सिस्टरचं गाणं, १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये सलग आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात तिचा खर्जाकडे झुकणारा आवाज वेगळा ओळखता येतो. तो कानात बसला की हेडफोन लावून 'क्रूएल समर'कडे परत जा आणि एका ओळीत फक्त तिच्याच मागे चाला. दुसऱ्यांदा ऐकताना साराला धरा, मग केरनला.