कॉफी पुसणारे पंतप्रधान : फॉरवर्डमध्ये न आलेलं

‘नेदरलँड्सचे पंतप्रधान मार्क रुटे. कॉफी सांडली तर स्वतः फरशी पुसली. सायकलवरून फिरतात. घोटाळा झाल्यावर नैतिक जबाबदारी घेऊन खुर्ची सोडली. लपवाछपवी नाही. नाहीतर आपले!’ अशा अर्थाचा मेसेज अधूनमधून फिरत असतो.

फरशीचं खरं आहे, व्हिडिओ २०१८चा आहे. सायकलही खरी. २०१७ मध्ये मोदी तिकडे गेले तेव्हा त्यांनाही रुटेंनी एक सायकल भेट दिली होती. इथवर तक्रार नाही.

राजीनामा मात्र सोयीपुरता सांगितला आहे. तिकडे पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी अनुदान मिळतं. करखात्याने हजारो पालकांना लबाड ठरवलं. कुठे एक सही राहिली, एवढ्यावरून पूर्ण अनुदान परत मागितलं, आणि वसुलीचे आकडे हजारो युरोंत. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर विशेष नजर. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि रुटे २०१०पासून पंतप्रधान होते. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने वाभाडे काढले, त्यानंतर १५ जानेवारी २०२१ला सरकारने राजीनामा दिला. निवडणूक मार्चमध्ये ठरलेलीच होती. मधल्या काळात काळजीवाहू पंतप्रधान कोण? रुटेच. निवडणुकीत त्यांचा पक्ष १५०पैकी ३४ जागा घेऊन पहिला आला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी चौथं मंत्रिमंडळ थाटलं. याला खुर्ची सोडणं म्हणायचं तर म्हणा बापडे.

‘लपवाछपवी नाही’ हे तर कहर आहे. हा घोटाळा उकरून काढण्यात पुढे असलेले खासदार पीटर ओम्टझिख्त. मार्च २०२१ मध्ये सरकार बनवण्याच्या बोलणीतल्या एक मंत्रीबाई कोविड पॉझिटिव्ह निघाल्या म्हणून घाईने बाहेर पडल्या. काखेतल्या कागदांवरचा मजकूर फोटोग्राफरने टिपला : ‘ओम्टझिख्त, पद दुसरीकडे’, म्हणजे या अडचणीच्या खासदाराला दुसरीकडे कुठेतरी पद देऊन बाजूला करायचं. रुटे म्हणाले, त्यांच्याबद्दल मी काही बोललोच नाही. आठवडाभरात टिपणं जाहीर झाली, त्यात ते बोललेले निघाले. मग खुलासा काय, तर माझ्या लक्षात नव्हतं! अविश्वास ठराव थोडक्यात फेटाळला गेला, निषेधाचा ठराव मात्र मंजूर झाला. पुढच्या वर्षी आणखी एक कळलं. साहेब जुन्या नोकियावरचे एसएमएस पुसून टाकत आणि दप्तरी कोणते ठेवायचे ते स्वतःच ठरवत. कारण सांगितलं, फोनमध्ये जागा पुरत नाही.

आणि ‘साधा’ म्हणून त्यांना राजकारण कळत नाही असं कुणी समजू नये. पक्षाला कधी बहुमत नाही, २०१२ मध्ये जास्तीत जास्त ४१ जागा. तरी आधी कट्टर उजव्या गीर्त विल्डर्सचा बाहेरून पाठिंबा, मग मजूर पक्षाशी घरोबा, असं करत जवळजवळ चौदा वर्षं काढली. जुलै २०२० मध्ये युरोपीय संघाच्या ब्रसेल्समधल्या शिखर बैठकीत ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडनला हाताशी धरून कोविड निधीतलं अनुदान ५०० अब्ज युरोंवरून ३९० अब्जांवर आणलं. ज्यांना त्या पैशाची गरज होती त्या इटली-स्पेनमध्ये त्यांच्या साधेपणाचे गोडवे कुणी गायले नाहीत.

२०२३ मध्ये आश्रय मागणाऱ्या निर्वासितांच्या प्रश्नावर सरकार पडलं आणि त्यांनी देशाच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ पासून ते नाटोचे सरचिटणीस आहेत.