हौसेचं बीटा

लॅपटॉपवर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा, म्हणजे चाचणीसाठी दिलेली कच्ची, आवृत्ती टाकण्याआधी जे जे करायला सांगतात ते सगळं मी केलं होतं. बॅकअप घेतला, तो उघडतोय का हेही पाहिलं, जुन्या सिस्टिमला धक्का लागू नये म्हणून डिस्कवर वेगळं पार्टिशन, म्हणजे स्वतंत्र कप्पा, काढलं. एवढ्या तयारीनंतर बिघडणार काय? बिघडलं काहीच नाही. फक्त चाललंही काही नाही.

सोबत ज्ञात त्रुटींची यादी होती. पहिलीच ओळ : काही संगणक सुरू न होण्याची शक्यता आहे. मग पुढची यादी कोणी वाचायची? पण तिच्याखाली, तितक्याच गांभीर्याने, कॅलक्युलेटरची विंडो लहान करता येत नाही अशीही नोंद होती.

माझा लॅपटॉप सुरू झाला. वायफाय मात्र दिसेना. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नाही, इंटरनेटवर शोधू का, असं त्याने अदबीने विचारलं. मी ‘हो’ दाबलं. ‘इंटरनेट उपलब्ध नाही.’ शेवटी यूएसबी केबलने मोबाइलचं नेट पुरवलं, तेव्हा गाडं हललं.

मग स्वारीची झोप कळली. झाकण मिटलं की लगेच झोपायचा. उघडलं तरी उठायचं नाव नाही. स्क्रीन काळीठिक्कर, आतला पंखा मात्र भरधाव. पॉवरचं बटण बराच वेळ दाबून धरलं की साहेब जागे होणार, आणि वर आपल्यालाच सुनावणार, ‘मागच्या वेळी संगणक योग्य रीतीने बंद केला नव्हता.’

“एक पान प्रिंट करून दे ना,” बायको म्हणाली.

“थांब, जुन्या सिस्टिममध्ये जातो.”

“मग ही नवी कशाला घेतलीस?”

“टेस्ट करायला.”

“पगार देतात?”

पगाराचं सोडा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अॅपलने २००० साली मॅक ओएस एक्सच्या पब्लिक बीटाला २९.९५ डॉलर मोल लावलं होतं, आणि लोकांनी ते मोजलंही. पुढच्या मे महिन्यात त्या बीटाची मुदतच संपली. आणि बिघाडाचं म्हणाल, तर तो थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. एप्रिल १९९८ मध्ये भर प्रदर्शनात, बिल गेट्स मंचावर असताना, विंडोज ९८ला स्कॅनर जोडला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर सिस्टिम कोसळल्याची निळी स्क्रीन झळकली. म्हणूनच आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्सनी वेळ मारून नेली. मी बायकोला हेच सांगितलं. ती म्हणाली, “त्यांचं पान प्रिंट झालं का?”

या सगळ्यात एकच गोष्ट बिनचूक चालत होती, ती म्हणजे अभिप्रायाचं बटण. मी झोपेची तक्रार सविस्तर लिहिली : आधी काय केलं, मग काय झालं, काय व्हायला हवं होतं. लॉग, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदी, जोडले, काळ्या स्क्रीनचा फोटो जोडला. (काळ्या स्क्रीनचा फोटो काढून पाहा. त्यात आपलाच चेहरा दिसतो, आणि तो फारसा शहाणा दिसत नाही.)

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं : अशी तक्रार आधीच नोंदलेली असल्याने ही बंद करण्यात येत आहे. म्हटलं, चला, समदुःखी तरी भेटेल. मूळ तक्रारीच्या क्रमांकावर क्लिक केलं.

‘ही नोंद पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.’

तेवढ्यात नवा बिल्ड, म्हणजे बीटाची पुढची प्रत, आला. तो उतरवायला लावलाय. कॅलक्युलेटरची विंडो आता लहान होते म्हणे.