घरचाच पत्ता

पत्ता विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे कोल्हापूरकराला जमत नाही. कुणी नुसती ‘तिकटी’ विचारली, तरी मिरजकर की पापाची याची चौकशी न करता तो आधी हात दाखवून मोकळा होतो. माझ्या लॅपटॉपनेही हे पाणी चाखले असावे.

सहा गिऱ्हाइकांची संकेतस्थळे लॅपटॉपवरच चालवून पाहायची असल्यामुळे मी त्यांची नावे होस्ट्स फाइलीत, म्हणजे कोणते नाव कोणत्या पत्त्यावर राहते याच्या लॅपटॉपमधल्या वहीत, लिहून ठेवत असे. ही फाइल जुन्या कारकुनासारखी आहे. नोंद असेल तेवढेच सांगते. ‘आडनाव हेच असेल तर पुढचे नाव काहीही असो, घर एकच’ हा व्यवहार तिला मान्य नाही. त्यातून मी सगळ्या नावांच्या शेवटी हौसेने ‘डॉट डेव्ह’ लावले होते. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमच्या ६३व्या आवृत्तीने या शेपटाच्या प्रत्येक नावाला एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद जोडणीची, सक्ती केली आणि माझी सहाही दारे एका दिवसात बंद झाली. वास्तविक ‘डॉट टेस्ट’ हे शेपूट १९९९ पासून याच कामासाठी राखून ठेवलेले होते, हे मला अठरा वर्षांनी, तेही दार आपटल्यावर कळले.

मग एका रविवारी सकाळी मी डीएनएसमास्क हा नावांचे पत्ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम बसवला. ‘टेस्ट’ने संपणारे प्रत्येक नाव १२७.०.०.१ कडे, म्हणजे याच लॅपटॉपकडे पाठवणारी एक ओळ लिहिली, पत्त्यांची विचारपूस जिथे होते त्या ५३ क्रमांकाच्या पोर्टसाठी सुडोची, म्हणजे मालकी हक्काची, परवानगी घेतली आणि कोणत्या शेपटाचा पत्ता कुणाला विचारायचा हे मॅक जिथे पाहतो त्या रिझॉल्व्हर फोल्डरमध्ये ‘टेस्ट’ नावाची फाइल ठेवली. नावाचा पत्ता शोधणाऱ्या ‘डिग’ या आज्ञेने विचारले, तर असे नावच अस्तित्वात नाही, असे उत्तर आले. मी सर्व पुसून पुन्हा लिहिले, सेवा तीनदा बंद करून चालू केली. खाली पांढरा रस्सा निवला, तांबड्यावर तवंग गोठला आणि आईने हाका मारणे सोडून दिले. दुपारी तीनला वैतागून ‘पिंग’ केले, म्हणजे त्या नावाला थेट हाक मारली, तर पहिल्याच फटक्याला उत्तर हजर! मॅकवर ‘डिग’ त्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहत नाही, तो परस्पर बाहेरच्या सर्व्हरला विचारून येतो. म्हणजे माझे काम सकाळी दहालाच झालेले होते.

“दिवसभर काय केलंस?” बाबांनी विचारले.

“लॅपटॉपला त्याच्या स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “मग इतके दिवस ऱ्हात हुता कुठं त्यो?”