जपान-कोरियाला जाताय? तेच जुनं लहान जहाज घ्या, पण केबिन आणि व्हिसा नव्याने बघा

भूमध्य समुद्रात लहान क्रूझ जहाजावर फिरून आलेली मंडळी आता जळगाव-धुळ्याकडेही भेटतात. कुणी डॉक्टर, कुणी सराफ, कुणी रावेर-यावलकडचे केळीवाले. पुढची सफर जपान-कोरियाची ठरली की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: तेच जहाज पुन्हा घ्यायचं, की या वेळी पाण्याच्या घसरगुंड्यावालं, चार-पाच हजार प्रवाशांचं नवं कोरं?

माझं मत सरळ आहे. पूर्व आशियासाठी तेच जुनं लहान जहाज. पण "मागच्या वेळची केबिन, मागच्यासारखंच सगळं" असं सांगून एजंटकडे पैसे भरून मोकळे होऊ नका.

आपल्या लोकांच्या आवडीची जहाजं बहुतेक एकाच घराण्यातली आहेत. साधारण ३०,००० टन, १८१ मीटर लांब, ७०० च्या आसपास प्रवासी. १९९८ ते २००१ या काळात फ्रान्सच्या सेंट नाझेरमध्ये रेनेसान्स क्रूझेस या कंपनीसाठी अशी ८ जहाजं बांधली गेली. २००१ मध्ये कंपनी बुडाली, जहाजं टिकली आणि पुढे अझामारा व ओशनिया या कंपन्यांकडे गेली. आराखडा एकच असल्यामुळे तुमच्या तारखांना तुमचं जहाज नसेल तर त्याचं भावंड घ्या. जेवणघर कुठे, लायब्ररी कुठे, हे पहिल्याच दिवशी पाठ असेल.

लहान जहाजाचा खरा फायदा बंदरात कळतो. योकोहामाच्या बे ब्रिजखाली सुमारे ५५ मीटर मोकळी उंची आहे. त्याखालून न जाणारी उंच जहाजं अलीकडच्या दाइकोकू धक्क्यावर थांबतात, तिथून गावात यायला बस. लहान जहाज पुलाखालून थेट गावातल्या ओसानबाशी धक्क्याला लागतं आणि उतरून पायी गेलं की निहोन-ओदोरी स्टेशन येतं. हिरोशिमात मोठी जहाजं इत्सुकाइचीला, लहान उजिनाला; उजिनाहून ट्राम थेट शहरात जाते. शांघायला यांगपू पुलाची उंची ४८ मीटर, म्हणून मोठी जहाजं लांब वुसोंगकोऊला अडतात आणि लहानांना ह्वांगपू नदीतून शहराच्या मध्यापर्यंत जाता येतं. बंदरात मिळतात जेमतेम आठ-नऊ तास, त्यातले दोन बसच्या रांगेत गेले तर उरलं काय? म्हणून मार्गपत्रिकेत नुसतं शहराचं नाव वाचू नका, धक्क्याचं नाव विचारा. एजंटला माहीत नसेल तर कंपनीकडून लेखी मागवा. टोकियोत मात्र हा फायदा फारसा नाही. २०२० मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल रेनबो ब्रिजच्या बाहेरच आहे, तिथे लहान-मोठे सगळे सारखेच.

आता व्हिसा. आपली माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच.

परदेशी झेंड्याच्या जहाजाला जपानच्या एका बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या जपानी बंदरात उतरवायचे असतील तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. या जहाजांवर झेंडा माल्टाचा किंवा मार्शल बेटांचा. म्हणून "संपूर्ण जपान" म्हणून विकल्या जाणाऱ्या सफरीतही कोरियाचं बुसान नाहीतर तैवानचं कीलुंग घुसवलेलं असतं. युरोपियन प्रवाशाला त्याचं काही वाटत नाही. भारतीय पासपोर्टवर मात्र बुसानला गेलात की तुम्ही जपानबाहेर पडलात, आणि परत नागासाकीला आलात की दुसरा प्रवेश. जपानचा ऑनलाइन ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो, तो इथे उपयोगाचा नाही. दोन प्रवेशांचा किंवा मल्टिपल व्हिसा मागायचा. अर्जाला तारखांसकट बंदरांची यादी आणि क्रूझचं बुकिंग जोडायचं, आणि दोन प्रवेश का लागतात ते पत्रात दोन ओळींत स्पष्ट लिहायचं. हे न लिहिल्यामुळे एकच प्रवेश मिळतो आणि मग शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

कोरियाचा व्हिसा वेगळा, तैवानचा वेगळा, चीनचा वेगळा. हाँगकाँगला भारतीयांसाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी आहे. ती मोफत असते, मंजूर झाली की ६ महिने चालते आणि दर वेळी १४ दिवस राहता येतं. "आम्ही बुसानला उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहू" हा युक्तिवाद चढताना काउंटरवर चालेलच असं धरू नका. मार्गातल्या सगळ्या देशांची कागदपत्रं नसतील तर कंपनी चढू देत नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत.

पासपोर्ट एकच आणि दूतावास तीन, हे गणित आधी मांडा. जपानचा एक प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून ३ महिन्यांत वापरावा लागतो, दोन प्रवेशांचा ६ महिन्यांत. म्हणजे फार आधीही अर्ज करून उपयोग नाही. निघायच्या तीन-साडेतीन महिने आधी कागद तयार हवेत, आणि एक पासपोर्ट सुटून आला की दुसऱ्या दिवशी पुढचा अर्ज. सगळं मुंबईतून होतं, म्हणून भुसावळ-मुंबई फेऱ्या हिशेबात धराच.

महिना कुठला? मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. चेरीचा बहर साधारण तेव्हाच असतो, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात त्याआधी तुम्ही घरी परत. २९ एप्रिल ते ५ मे जपानमध्ये सलग सुट्ट्यांचा आठवडा, तेव्हा गर्दी प्रचंड. जूनच्या सुरुवातीपासून त्यांचा पावसाळा. कानबाईच्या सणाच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टमध्ये आणि पुढे सप्टेंबरमध्येही, वादळांचा मोसम. तेव्हा कप्तान बंदरं गाळतो आणि करारानुसार तो अधिकार त्याचाच. नोव्हेंबर जपानमध्ये सुरेख असतो, पण तैवानच्या सामुद्रधुनीत ईशान्येचा वारा सुरू झालेला असतो, आणि १८१ मीटरचं जहाज तिथे चांगलंच हलतं.

त्यामुळे केबिन मधोमध आणि शक्यतो खाली घ्या. जहाज पाळण्यासारखं डोलतं, टोकाला झोका सर्वात मोठा. डेक ६ वर मधल्या काही केबिनच्या खिडकीसमोर लाईफबोट येते. ती दिसते म्हणून लोक नाक मुरडतात, पण स्वस्त आणि स्थिर केबिन तीच. डेक ८ वर पूल आणि बुफेच्या बरोबर खालची केबिन नको. पहाटे वर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. अगदी पुढे नांगराच्या साखळीचा खडखडाट, अगदी मागे इंजिनाची थरथर. बाथरूम लहान आहे, काही जहाजांवर शॉवरला पडदा असतो आणि तो अंगाला चिकटतो, हे मान्य करूनच चढा. पंचवीस वर्षांच्या जहाजात व्हॅक्यूमचे संडास अधूनमधून तुंबतात. त्यात कागद किंवा ओले वाइप्स टाकणारे आपल्यातलेच असतात, हेही सांगून टाकतो.

बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे? एप्रिलच्या सुरुवातीला टोकियोचं सरासरी तापमान १३-१४ अंशांच्या घरात. चाळीस अंशांच्या उन्हातून निघालेला खान्देशी माणूस बाल्कनीत पाच मिनिटं बसेल. सेतो अंतर्गत समुद्र बघायचा तर पुढच्या उघड्या डेकवर जा, दोन्ही बाजूंची बेटं दिसतात. बुकिंगआधी एक मात्र विचारा: कानमोन आणि कुरुशिमा या सामुद्रधुन्या जहाज दिवसा ओलांडणार की रात्री? कुरुशिमात भरती-ओहोटीचा प्रवाह १० नॉट्सपर्यंत जातो. तिथला नियम जगावेगळा आहे: प्रवाह पाठीमागून असेल तर जहाज मधल्या मार्गाने, समोरून असेल तर पश्चिमेच्या मार्गाने. प्रवाह उलटला की वाहतुकीची बाजू बदलते. हे अंधारात गेलं तर बघायचं राहिलं. वसंतात धुकंही असतं, त्यामुळे उशीर झाला तर कप्तानावर चिडू नका.

जेवणाचं लेखी कळवा, किमान दोन-तीन महिने आधी. जहाजावर शाकाहारी, जैन जेवणाची सोय सांगितली तर होते. अडचण किनाऱ्यावर आहे: भाजीच्या उदोनचा (जाड शेवयांचा) रस्साही बहुधा माशाच्या दाशीवर, म्हणजे अर्कावर, केलेला असतो. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, "दाशी नको" हेही लिहून न्या. शोजिन र्‍योरी हे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण मात्र शाकाहाऱ्यांनी बिनधास्त खावं. घरून शेंगदाण्याची चटणी, बिबडे असं कोरडं, सीलबंद न्या. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, सर्ज प्रोटेक्टरची पट्टी हे सगळं चढतानाच काढून घेतात. जहाजावरचं फळ किनाऱ्यावर नेऊ नका. वनस्पती तपासणी कडक आहे. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय हे त्या अधिकाऱ्याला सांगून उपयोग नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिन्याभरापेक्षा जास्त नेत असाल, किंवा इन्सुलिनसारखी स्वतः टोचून घ्यायची सोडून दुसरी इंजेक्शनं असतील, तर जपानकडून युन्यू काकुनिन-शो हे परवानगीपत्र आधी ऑनलाइन काढा. सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावर स्यूडोएफेड्रिन लिहिलंय का तेही बघा. १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये बंदी आहे. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने घ्या, नुसत्या ब्रँडच्या नावावर तिथे कुणाला बोध होत नाही.