मामींचा फॉरवर्ड आणि ‘चोरांची जात’

परवा रात्री मामींनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. वर लाल त्रिकोण, खाली ‘आपल्या माणसांना पाठवा’, सगळं साग्रसंगीत. मजकूर थोडक्यात असा: पारध्यांच्या टोळ्या शहरात आल्यात. चोरी यांच्या रक्तातच आहे. इंग्रजांनीसुद्धा अभ्यास करून यांना गुन्हेगार जमात ठरवलं होतं. पोलीस पकडतात आणि मानवाधिकारवाले सोडवतात. सुया-पोत विकणाऱ्या बायकांना गेटच्या आत घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी आमच्या गेटवर वर्षानुवर्षं सुया, फण्या, बिब्बे घेऊन येणाऱ्या बाईंना वॉचमनने हाकललं. ‘वरून सांगितलंय,’ म्हणाला. त्या बाई वैदू आहेत, पारधी नव्हेत. पण मेसेज लिहिणाऱ्याला सगळी पालं सारखीच.

म्हणून हे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन अंगठे आणि एक सुप्रभात आली असती.

आधी इंग्रजांचा ‘अभ्यास’. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणताना युक्तिवाद असा होता, की इथे धंदा जातीने चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. झाला अभ्यास. मग नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना आणि सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या आतल्या सेटलमेंट. त्या कुंपणात जन्मलेलं पोरही कागदावर गुन्हेगार जमातीचंच. फासेपारध्यांचा धंदा फासे लावून शिकार करण्याचा. जंगलाचे कायदे आले आणि तो धंदाच गुन्हा झाला. तो गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला देशभरातून गेला, म्हणून तर ‘विमुक्त’ हा शब्द आहे. तोच कायदा आपण पुरावा म्हणून दाखवायचा? मग इंग्रजांनी टिळकांनाही राजद्रोही ठरवलं होतं, तेही धरा की.

आता मेसेजमधल्या ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते: ‘पोलिसांनी उगाच पकडलेलं नसतं.’

मामी, नाशिकचा खटला वाचा. ५ जून २००३च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातले पाच जण मारले गेले. भयानक गुन्हा होता, त्यात शंका नाही. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी. म्हणजे तुमच्या हिशेबाने विषय संपला.

पण फेरविचार अर्ज झाला, खटला पुन्हा उघडला आणि ५ मार्च २०१९ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंमधून चार जण ओळखून दिले होते. ते चौघे वेगळेच होते, या सहांपैकी कोणी नव्हतं. ती बाब बाजूला ठेवली गेली. हे आरोपी भटक्या जमातीतले, अतिशय गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने निकालात लिहिलं. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश दिला. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

सोळा वर्षं. आपल्या मधूचं दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, लग्न आणि दोन मुलं, एवढा काळ. आणि ज्या चौघांकडे त्या बाईंनी बोट दाखवलं त्यांचं काय? चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेर राहतो, एवढं साधं गणित आहे. ज्यांच्या घरात खून झाले त्यांनाही न्याय मिळाला नाहीच.

मानवाधिकारवाले सोडवतात म्हणे. सोडलं न्यायालयाने, कागद तपासून. वकिलाने ते कागद समोर ठेवले, हाच काय तो त्याचा गुन्हा. सरकारी खर्चाच्या वकिलाबद्दल ओरड असेल, तर १९८७चा विधी सेवा कायदा काढून बघा: कोठडीतल्या माणसाला मिळतो तसा तो कुठल्याही बाईला मिळतो, म्हणजे मामी, तुम्हालाही. बाकी २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि त्यातले जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. सोडवणाऱ्यांची एवढी चलती असती तर हा आकडा असा नसता.

एक मान्य करते, नाइलाजाने. चोऱ्या होतात आणि पकडलेल्यांत कधी पारधी वस्तीतली पोरंही असतात. ज्याच्यावर पुरावा असेल त्याला शिक्षा व्हावी, माझं काही म्हणणं नाही. पण आपल्या नात्यातल्या एकाने पतपेढीत अफरातफर केली तेव्हा आख्ख्या आडनावाला कुणी गेटवर अडवलं नव्हतं.

आणि ‘सावध केलं तर बिघडलं काय’ हे विचारूच नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज आधीपासून फिरत होते. भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या मेसेजमध्येही ‘सावधान’च होतं.

हे सगळं काल रात्री मामींना फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘बरं बाई, डिलीट करते.’ केलंही. सकाळी पाहिलं तर फक्त स्वतःच्या फोनमधून केलंय. ग्रुपवर मेसेज तसाच आहे, खाली नाशिकच्या आत्याचे हात जोडलेले.