अब्बाची उतरलेली पट्टी

गेल्या आठवड्यात आमच्या सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण वर होतीच. मजकूर थोडक्यात असा: अब्बा या जुन्या स्वीडिश पॉप बँडचा ‘व्हॉयेज’ हा अल्बम म्हणजे चाहत्यांची शुद्ध फसवणूक. चाळीस वर्षांनी एकत्र आले आणि दिलं काय, तर कपाटात उरलेली जुनी गाणी. अल्बम आपटला. सगळा खटाटोप लंडनमधल्या, चौघांची संगणकी रूपं गाताना दाखवणाऱ्या त्या बाहुल्यांच्या खेळासाठी, म्हणजे पैशासाठी. फ्रीडा आणि आग्नेता या दोघी गायिकांचे आवाज गेलेले. आणि त्यातलं एक तरी गाणं आज कुणाला आठवतंय का?

पाठवणारा आमच्यातलाच. आता कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचा छोटा कारखाना आहे. एके काळी गॅदरिंगमध्ये ‘डान्सिंग क्वीन’वर नाचताना पाय मुरगळून घेतलेला तो एकमेव माणूस. मेसेजखाली धडाधड अंगठे उमटले. २०२१ मध्ये हाच मेसेज आला असता तर पहिला अंगठा माझा असता, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं आणि अब्बाचं नातं आधी सांगायला हवं. १९८३-८४ च्या सुमारास हरभट रोडवर कोरी कॅसेट घेऊन जायचं, गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, असा रिवाज होता. माझ्या कॅसेटवर दुकानदाराने बॉलपेनने ‘अब्बा’ एवढंच लिहिलं होतं. मिरजेच्या मित्राकडे ती लावली तेव्हा त्याच्या वडिलांनी आतून विचारलं होतं, ‘किसके अब्बा?’ गाणी मात्र पहिल्यापासून ओळखीची वाटली. ते साहजिकच होतं. १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’मधलं ‘मिल गया हमको साथी’ हे ‘मम्मा मिया’च्या चालीवरून उचललेलं, आणि किशोरकुमारांच्या जोडीने ते गाणाऱ्या आशाबाई जन्माने सांगलीच्या. म्हणजे अब्बा आमच्याकडे आला तो घरच्याच गळ्यातून. आम्ही ती कॅसेट झिजवत होतो तेव्हा अब्बा बंद पडलेला होता, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. पुढचा अल्बम कधी येतोय, याच्या पैजा लावत होतो.

तो आला ५ नोव्हेंबर २०२१ ला, दिवाळीच्या पाडव्याला. चकलीची ताटली मांडीवर घेऊन मी लावला. पहिलं गाणं संथ, दुसरं आयर्लंडच्या जत्रेतलं, तिसरं चक्क नाताळच्या सकाळचं, वर लहान मुलांचा कोरस. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘हेच का तुमचं ते अब्बा?’ मी बंद केला. पुढे वर्षभर हात लावला नाही. तेव्हा मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझी चिडचिड मला परकी नाही. पण तुझे मुद्दे एकेक तपासून पाहिले तर फारसे टिकत नाहीत.

‘उरलेली गाणी’ हा मुद्दा झटकन संपतो. दहा गाण्यांतलं एक जुनं आहे, ‘जस्ट अ नोशन’. १९७८ साली गायलेलं, तेव्हा बाजूला ठेवलेलं. दोघींचे तेव्हाचेच आवाज ठेवून चौघांतल्या बेनी अँडरसनने त्याखाली वाद्यमेळ नव्याने वाजवला, आणि हे त्यांनी लपवलेलंही नाही. त्यातला एक तुकडा १९९४ च्या संचात आधीच ऐकायला मिळाला होता. एका गाण्याचा ढीग होत नाही.

‘आपटला’ हे तर सरळच खोटं. ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात दोन लाखांवर खप आणि पहिला क्रमांक. अमेरिकेत दुसरा क्रमांक, जो त्यांच्या ऐन भरात ‘बिलबोर्ड’च्या अल्बमयादीत त्यांना कधी मिळाला नव्हता. ग्रॅमीचं नामांकनही अब्बाला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं ते याच अल्बममधल्या गाण्यासाठी. अर्थात खपावर मी फार भर देणार नाही. भाव चढला म्हणून माल चांगला असतो असं नाही, हे हळदीच्या पेठेत वाढलेल्या माणसांना मी काय सांगणार.

आता पैसा. चौघं गडगंज आहेत, लंडनच्या खेळात त्यांची गुंतवणूकही आहे, त्यामुळे त्यांना साधुसंत ठरवायची माझी इच्छा नाही. पण एकत्र येऊन दौरा करा म्हणून त्यांना सुमारे एक अब्ज डॉलर देऊ केले गेले होते आणि त्यांनी नकार दिला, ही २००० सालची गोष्ट. पैशासाठीच यायचं असतं तर तेव्हा आले असते. वय पन्नाशीचं होतं, गळे शाबूत होते. हेही खरं की स्टुडिओत पाऊल पडलं ते त्या खेळासाठी दोन गाणी हवी होती म्हणून. पण दोनाची दहा झाली ती खेळासाठी नाही. २७ मे २०२२ ला लंडनमध्ये तो खेळ सुरू झाला, तेव्हा वीसेक गाण्यांच्या यादीत या अल्बममधली फक्त दोन होती, खेळासाठी आधी केलेली तीच दोन. बाकीची आठ कुठल्या जाहिरातीत बसवायची?

त्यात एक गंमत आहे, ती मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्या खेळातली चौघांची रूपं १९७९ सालची आहेत. पाच आठवडे अंगावर खुणा लावून, कॅमेऱ्यांच्या गराड्यात उभं राहून म्हाताऱ्यांनी स्वतःला तरुण करून घेतलं. तंत्र हाताशी होतं, पैसा होता. तरी अल्बममध्ये आवाजाला मात्र त्यांनी तरुण केलं नाही. सुरकुत्या आहेत तिथे सुरकुत्या ऐकू येतात.

म्हणजे आपण आवाजाच्या मुद्द्यावर आलो, आणि इथे मला मिरजेचा तो ‘किसके अब्बा’वाला मित्र हवा. त्याच्या घरात तंबोरे आणि सतारी बनतात. गेल्या रविवारी त्याच्या दुकानात बसून आम्ही अल्बम पुन्हा ऐकला. समोर भोपळे सुकत पडलेले, कानस हातात, आणि मोबाइलवर फ्रीडा. अल्बम आला तेव्हा ती शहात्तराव्या वर्षात होती, आग्नेता एकाहत्तरची. पहिल्या गाण्यातला फ्रीडाचा आवाज त्याने पुरता ऐकला आणि म्हणाला, ‘आवाज गेला कुठे? पट्टी उतरलीय.’

हा फरक मिरजेत कुणालाही कळतो. पेटीच्या काळी चार पट्टीत गाणारी बाई साठीनंतर काळी तीनला येते, पुढे आणखी खाली. श्रोते उठून जात नाहीत. दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीत सभेत रात्र रात्र बसणारी माणसं गायकाचं वय झालं की तारसप्तकाची वाट बघणं सोडतात आणि खर्जाकडे कान लावतात. मित्राने कारागिराची बाजू सांगितली: पट्टी खूप उतरली तर आहे तीच तार नुसती ढिली करून भागत नाही, ती लोंबकळते. जाड तार घालावी लागते, जवारी, म्हणजे तारेची झणकार, पुन्हा लावावी लागते. म्हणजे गळ्याबरोबर साजही बदलतो. ‘व्हॉयेज’मध्ये बेनीने नेमकं हेच केलंय. पियानो खाली, व्हायोलिनांचा ताफा मागे रुंद पसरलेला, ढोल-ताशा कमी. आपल्याला जे ‘मंद’ वाटलं ती नव्या पट्टीसाठी बसवलेली जाड तार होती.

आणि ज्या आवाजाची आपण आठवण काढतो तो तरी निव्वळ गळ्याचा कुठे होता? त्यांचा ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो दोघींकडून तीच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घ्यायचा आणि मध्ये टेपचा वेग किंचित कमीजास्त करायचा. सूर केसभर सरकतो, थरावर थर चढतो आणि दोन बायकांच्या जागी दहा बायका गाताहेत असं वाटतं. त्यातून चाली मुद्दाम उंच बांधलेल्या, जिथे गळा ताणला जाऊन चमकतो. पंचविशी-तिशीत ते जमतं. सत्तरीत त्याच उंचीवर ओरडल्या असत्या तर याच मेसेजमध्ये ‘वय बघा, हौस बघा’ असं आलं असतं. २०२३ मध्ये आशाबाईंनी नव्वदाव्या वाढदिवसाला दुबईत मैफल केली तेव्हा याच ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला होता. आग्नेताने एकाहत्तरीत काय घोडं मारलं होतं?

राहिला शेवटचा प्रश्न, एक तरी गाणं आठवतंय का. मला चार आठवतात, आणि चारांपैकी दोन तर जुन्या कॅसेटवरच्या निम्म्या गाण्यांपेक्षा जवळची आहेत.

‘डोन्ट शट मी डाउन’मध्ये एक बाई, आपणच सोडलेल्या माणसाच्या दाराशी परत येते. मी आता ती राहिले नाही, पण आत घे, एवढंच तिचं म्हणणं. आग्नेता सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि मग ठेका धरला जातो. अब्बाने आपल्याच दारावर मारलेली थाप म्हणून ते ऐका, पाडव्याला मी ज्या गाण्यापर्यंत पोचलोच नव्हतो ते हेच, चौथं.

दुसरं ‘कीप ॲन आय ऑन डॅन’. घटस्फोट झालेली आई शनिवार-रविवारसाठी मुलाला त्याच्या बापाकडे सोडायला आलीय. झोपायच्या वेळा, हट्ट, सगळ्या सूचना देते. मग गाडीत बसते आणि स्टिअरिंगवर रडते. वर संगीत ठेक्याचं, जवळजवळ आनंदी. विसाव्या वर्षी हे गाणं मला कळलं नसतं. आता आमच्या ग्रुपमधल्या किमान तीन घरांत मुलांची अशी ने-आण झालेली मी बघितलीय, आणि मेसेजला अंगठा देणाऱ्यांत त्यातलेही आहेत. अब्बातली दोन्ही लग्नं मोडली होती, दोन्ही घरांतली दुःखं त्यांनी त्याच वेळी गायली, १९८० मध्ये ‘द विनर टेक्स इट ऑल’, १९८१ मध्ये ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम. तो ‘द व्हिजिटर्स’ही आला तेव्हा नाचायला काही नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती, आज जाणकार त्याला वरच्या पंगतीत बसवतात. ‘व्हॉयेज’ त्याच्या पुढचा अल्बम आहे. आम्ही त्याला ‘डान्सिंग क्वीन’च्या पुढचा समजून बसलो, ही चूक आमची.

‘आय कॅन बी दॅट वुमन’मध्ये दारू, भांडण आणि सोफ्यावर त्याला चिकटून पडलेली कुत्री आहे. हे गाणं मला पूर्ण आवडत नाही, थोडं नाटकी होतं, पण ती कुत्री विसरता येत नाही. आणि आयर्लंडच्या जत्रेचं गाणं, ज्याला मी पाडव्याला नाक मुरडलं: शहरात गेलेला पोरगा जत्रेला गावी परततो आणि गावातच राहिलेली मुलगी त्याला विचारते, माझ्यासाठी आलास की जुने दिवस आठवले म्हणून? आमच्या तासगावच्या रथोत्सवाला दरवर्षी पुण्याहून येणाऱ्यांना हे विचारून बघा.

मिरजेच्या दुकानात ‘कीप ॲन आय ऑन डॅन’ संपत आलं तेव्हा मित्राची कानस थांबली. शेवटी एकटा पियानो उरतो आणि चार-दोन सुरांत ‘एसओएस’चा १९७५ सालचा तुकडा वाजवून जातो. ‘हे आपल्या कॅसेटमधलं,’ तो म्हणाला. मग पुढचं गाणं लागलं, ‘बम्बलबी’. भुंगे नाहीसे होतील अशी काळजी आहे त्यात, विषय रास्त आहे, बासरीही आहे, पण गाणं जागचं हलत नाही. तो म्हणाला, ‘याबद्दल पण लिही.’ लिहितोय. ते मी अजूनही दरवेळी पुढे ढकलतो, आणि त्या एका गाण्यापुरता मेसेजला माझा अंगठा आहे.