‘खेळतात ८, पगार १८ जणांना’ : त्या फॉरवर्डमधलं एकेक म्हणणं घेतो

तो मेसेज आमच्या तालुक्यातल्या खेळाच्या सगळ्या ग्रुपवर फिरून राहिला, तुमच्याकडंही आलाच असेल. ज्यानं वाचला नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) टीममध्ये खेळतात ८ अन् पगार घेतात १८, बाकीचे १० जण टॉवेल हलवायचे करोडो खातात, त्यांना कापून त्या पैशात अजून एक सुपरस्टार घ्यावा, बेंचवाला कधी मॅच जिंकवून देत नाही, आणि चांगला असता तर तो पहिल्या पाचातच असता. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, आपल्या टीमनंही हेच करा.

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायलाच बसलो नसतो. पण जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी मीटिंग झाली त्यात एका भाऊनं हाच मेसेज मोबाईलवर वाचून दाखवला आणि म्हणाला की बारा पोट्टे कशाला, नऊ न्या, काळी-पिवळीचं भाडं वाचते, जेवणाचं वाचते. चार-पाच जणांनी माना हलवल्या. म्हणून आता एकेक घेतो.

पहिले ते १८ चं. आकडा बरोबर आहे, अर्थ चुकीचा लावलाय. एनबीएत १५ जणांचे पक्के करार असतात आणि वर ३ जण टू-वे करारावर, म्हणजे जे अर्धा वेळ खालच्या जी लीगमध्ये खेळतात आणि गरज पडली की वर बोलावले जातात. हे टू-वे २०१७-१८ पासून आलं, पहिले दोन जागा होत्या, २०२३-२४ पासून तीन झाल्या. टू-वे वाल्याला नव्या पोराच्या किमान पगाराच्या अर्धा पगार मिळते, तो सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर लीगनं घातलेल्या मर्यादेत, धरतच नाहीत, आणि ८२ पैकी जास्तीत जास्त ५० मॅचलाच त्याला टीममध्ये घेता येते. तर ज्याला मेसेजवाला पगारखाऊ म्हणून राहिला त्या तिघांचा टीमच्या हिशोबावर भारच नाही.

आणि नऊ-दहाच ठेवा म्हणणं तर नियमातच बसत नाही. १५ पैकी निदान १४ जागा भरलेल्या लागतात, खाली गेलं तर ठराविक दिवसांत भराव्याच लागतात. लीगनं हे काही दयेपोटी ठेवलं नाही.

हिशोब करून पहा ना राजेहो. मॅच ४८ मिनिटांची, मैदानात ५ जण, म्हणजे एका रात्रीचे २४० मिनिटं. पहिले पाच जण प्रत्येकी ३४ मिनिटं खेळले तर झाले १७०, उरले ७०, ते तीन-चार जणांत वाटले की आठ-नऊ माणसांत काम झालं, मेसेजवाला इथंच थांबला. पण हे एका रात्रीचं झालं. सीझन ऑक्टोबर ते एप्रिल, मॅच ८२, कधी कधी आज एका शहरात अन् उद्या दुसऱ्या, कोणाचा घोटा मुरगळते, कोणाचा गुडघा सुजते, कोणी सहा फाऊल करून बाहेर बसते. बाराव्या-तेराव्या माणसाची गरज ऑक्टोबरात दिसत नाही, ती फेब्रुवारीत दिसते, आणि फेब्रुवारीत ऐनवेळी आणलेल्या माणसाला टीमच्या चाली माहीत नसतात, कोण कुठं वळणार, स्क्रीन (वाट अडवायला उभा राहणारा आपलाच माणूस) कुठून येणार, काहीच माहीत नसते. बेंचवरचा तेरावा माणूस रोज प्रॅक्टिसला समोरच्या टीमच्या चाली खेळून दाखवतो, पहिल्या पाचांना त्या चालींशी लढायला शिकवतो. पाचाविरुद्ध पाच प्रॅक्टिस करायलाच दहा लागतात बाप्पा, त्यात दोघं जखमी असले तर बारा. नऊ जणांत प्रॅक्टिस तरी कशी करता?

आता पैसे. ह्याच्यावर लोक लय भाळले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०२४-२५ मध्ये एका टीमचा सॅलरी कॅप १४ कोटी डॉलरच्या थोडा वर होता. त्याच वर्षी नव्या खेळाडूचा किमान पगार होता साधारण साडेअकरा लाख डॉलर. असे शेवटचे पाच जण धरले तर ५८ लाख डॉलर होतात, म्हणजे कॅपच्या चार टक्क्यांच्या आसपास. (अनुभवी माणसाचा किमान पगार जास्त असते, पण गणित फार बदलत नाही.) गोल्डन स्टेट टीमचा सुपरस्टार स्टीफन करी, त्याचा त्याच वर्षीचा पगार होता ५ कोटी ५७ लाख डॉलर. पाच जण कापून तुमच्याकडं करीच्या एक दशांश पैसे आले, तेवढ्यात कोणता सुपरस्टार येतो? शिवाय सीझनच्या आधी टीमकडं १२ पेक्षा कमी माणसं असली तर प्रत्येक रिकाम्या जागेपोटी किमान पगाराएवढी रक्कम कॅपमध्ये धरतातच, म्हणजे जागा रिकामी ठेवून तिथं पैसा सुटत नाही.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो, कारण ती खरी आहे. बऱ्याच टीम पंधरावी जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. ज्यांचा पगाराचा खर्च लीगनं ठरवलेल्या टॅक्सच्या रेषेच्या वर गेला त्यांना वरच्या प्रत्येक डॉलरमागे दंड लागते, म्हणून ते वाचवतात. आणि फेब्रुवारीत ट्रेडची (टीम-टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपली की काही चांगले अनुभवी खेळाडू आपल्या टीममधून मोकळे होतात, १ मार्चच्या आत मोकळा झालेला माणूस प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) खेळू शकतो, त्याच्यासाठीही जागा राखतात. जानेवारीपासून दहा दिवसांचे करार करता येतात, त्यात माणूस पारखून घेतात. पण हे सगळं त्या जागेला किंमत आहे म्हणूनच करतात. पंधरावी जागा जपून वापरणं वेगळं आणि नवव्यानंतर सगळे कापणं वेगळं.

बेंचवाला मॅच जिंकवत नाही, हे वाचून मला खरंच राग आला. २०१५ ची फायनल घ्या. गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वोडाला आधी ऑल-स्टार राहिलेला, त्या सीझनआधी कारकिर्दीतली प्रत्येक मॅच सुरवातीपासून खेळलेला. नव्या कोचनी, स्टीव्ह करनी, त्याला बेंचवरून ये म्हटलं अन् तो आला, पूर्ण सीझन एकदाही पहिल्या पाचात नव्हता. फायनलमध्ये क्लीव्हलँड २-१ नं पुढं गेलं. चौथ्या मॅचला कोच करनी उंच सेंटर अँड्र्यू बोगटला बसवलं आणि इग्वोडालाला सुरवातीपासून उतरवलं, क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सला अडवायचं काम त्याच्याकडंच. पुढच्या तिन्ही मॅच गोल्डन स्टेटनं जिंकल्या अन् फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू, इग्वोडाला झाला. करी टीममध्ये असताना. असा माणूस बेंचवर नसता तर कोच चौथ्या मॅचला बदल कोणाचा करणार होता?

हे जुनं वाटत असेल तर २०२५ ची फायनल घ्या, तिसरी मॅच. इंडियानाच्या बेंचनं ४९ पॉइंट केले, ओक्लाहोमा सिटीच्या बेंचनं १८. बेनेडिक्ट मॅथ्यूरिननं एकट्यानं २७, तेही २२ मिनिटांत, आणि टीजे मॅककॉनेलनं पाच वेळा बॉल हिसकला. इंडियानानं ती मॅच जिंकली, सिरीज सात मॅचपर्यंत गेली. कप ओक्लाहोमानं नेला, पण त्यांच्याकडंही अ‍ॅलेक्स करुसो बहुतेक बेंचवरूनच यायचा. करुसोला कोणी ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या लीगच्या फेरीत) घेतलं नव्हतं. २०१७ ला लेकर्स टीमनी टू-वे वर घेतलं, म्हणजे मेसेजमधल्या त्याच टॉवेलवाल्यांत, आणि २०२० ची फायनल ज्या मॅचला जिंकली त्या मॅचला तो पहिल्या पाचात होता.

जेरेमी लिनचं तर सगळ्यांनी ऐकलंय. डिसेंबर २०११ मध्ये दोन टीमनी त्याला सोडलं, न्यूयॉर्कनं बेंचच्या टोकाला बसवलं, फेब्रुवारीत तिथूनही जायची वेळ आली होती. ४ फेब्रुवारी २०१२ ला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून कोचनी उतरवलं, त्यानं २५ पॉइंट केले अन् टीम सलग सात मॅच जिंकली.

चांगला असता तर पाचातच असता, ह्याला मनू जिनोबिली पुरेसा आहे. सॅन अँटोनियोसाठी चार टायटल, २००८ चा सिक्स्थ मॅन अवॉर्ड (बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा), २०२२ ला हॉल ऑफ फेम. त्याला बेंचवर का ठेवायचे? कारण पहिले पाच दमून बाहेर येतात तेव्हा दुसऱ्या फळीत बॉल हातात घेऊन चाल रचणारा कोणीतरी लागते, नाहीतर कमावलेली लीड त्या सहा-सात मिनिटांत जाते. आणि शेवटची पाच मिनिटं तो मैदानातच असायचा. मॅच कोणी सुरू केली ह्याच्यापेक्षा कोणी संपवली ते पहा. ह्याच सॅन अँटोनियोनं २०१३-१४ मध्ये ६२ मॅच जिंकल्या तेव्हा एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटं नव्हती, म्हातारे पाय एप्रिलपर्यंत ताजे ठेवले आणि जूनमध्ये मायामीला ४-१ नं हरवलं.

आता आपल्याकडचं. नऊ न्या म्हणणाऱ्यांनी एनबीएचा नियम तरी पाहावा, तिथं पाचच खेळणारे उरले तर सहा फाऊलवालाही मैदानात राहू शकते, टेक्निकल फाऊल लागते पण टीम पाचाखाली जात नाही. आपल्याकडं आंतरराष्ट्रीय नियम चालतो, पाच फाऊल झाले की बाहेर, जागेवर माणूस नसेल तर चारात खेळा, तीनात खेळा. हे मी डोळ्यानं पाहिलंय. एका शाळेची टीम भाडं वाचवायला सातच पोट्टे घेऊन आली होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोघांचे पाच फाऊल झाले, मग एकाच्या पोटरीत असा गोळा आला की तो सिमेंटच्या कोर्टावर आडवाच झाला, सर त्याचा पाय धरून अंगठा मागं ओढून राहिले, अन् उरलेले चौघं दोन-दोन करून उभे. आठ पॉइंटची लीड होती, गेली. एप्रिलचं ऊन, कोर्ट तापलेला, चौघांतला एकही पळायच्या लायक नव्हता.

आपल्या बेंचमध्ये दोष नाही असं मी म्हणत नाही. अकरावी-बारावी जागा कोणाच्या भाच्याला, कोणाच्या ओळखीच्याला जाते, त्याला बॉलही धरता येत नाही, मग लोक म्हणतात बेंच कशाला. ती जागा कापू नका, त्या पोट्ट्याच्या जागी कामाचा पोट्टा घ्या. मला बारात हे चार पाहिजेत : बॉल सांभाळणारा दुसरा गार्ड, फाऊल खायला तयार असा एक उंच, समोरच्याच्या चांगल्या शूटरला फक्त चिकटून राहणारा एक, आणि आठवी-नववीतला एक, ज्याला ह्या वर्षी दोन मिनिटं मिळतील अन् पुढच्या वर्षी वीस लागतील.

तीन पोट्ट्यांचं भाडं-जेवण वर्गणीतून उभं करू, त्यासाठी मी घरोघरी फिरायला तयार आहे. ज्यांना तरी नऊच न्यायचे त्यांनी पुढच्या मीटिंगला एवढं लिहून आणावं : रविवारी सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन मॅच आहेत, दोघांचे फाऊल झाले अन् एकाचा पाय गेला, तर दुपारच्या चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानात कोण कोण असेल, नावानिशी.